आकडा खाली पडू द्यायचा न्हाई

लिंबाजीमामा इंजिनला हँडल मारताना शिवी द्यायचे नाहीत, आकडे मोजायचे. जिंतूरच्या जिनिंगमधलं ते तेलकट धूड थंडीच्या दिवसांत सकाळी चालू करायचं म्हणजे भल्याभल्यांच्या तोंडातून आईबहीण निघायची. मामा मात्र दोन्ही हात हँडलवर ठेवायचे, पाय रोवायचे आणि पोटातून आवाज काढायचे, "इची. नी. सान. शी. गो." एकेका आकड्याला एकेक फेरा. पुढे रोकू, शिची, हाची, क्यू आणि शेवटी जू. जू म्हणजे दहा. तेवढ्यात इंजिनानं धूर ओकला तर ठीक, नाहीतर मामा तळहातावर थुंकायचे आणि परत इचीपासून सुरू करायचे.

मी कामाला लागले त्या पहिल्याच सकाळी ते ऐकलं आणि मला वाटलं, हा म्हातारा इंजिनाच्या मायला काहीतरी सुनावतोय. शेजारी कापूस निवडणाऱ्या गयाला विचारलं. ती म्हणाली, "शिव्या न्हाईत त्या. गिनती हाय, जपानची." बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडून आणि सुकडी खाऊन जगलेली माणसं आम्ही. माझा नवरा त्याच खडीच्या कामावर सुरुंगात गेला होता आणि सहा महिन्यांचं लेकरू मी जिनिंगच्या वळचणीला झोळीत टांगलं होतं. जपान कुठंशी आहे हे विचारायची ताकद अंगात नव्हती.

त्यांचं पूर्ण नाव लिंबाजी खिल्लारे. आमच्यासारखेच बौद्ध. बुटके, पाय फाकलेले, मान जवळजवळ नव्हतीच, आणि डावा कान चुरगळून त्याचा गोळा झालेला. त्या कानाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "सारंगाची आठवन हाय ती." तरुणपणी ते घर सोडून मुंबईला पळाले आणि मालाच्या बोटीवर इंजिनला तेल घालायच्या कामाला लागले. खलाशांवरचा सारंग दोराला गाठ मारून माणसं झोडायचा. एकदा जपानच्या बंदरात बोट दुरुस्तीला कितीतरी महिने अडकून पडली. धक्क्यावरच्या एका छपरात एक म्हातारा पोरांना हातापायांची मारामारी शिकवायचा. मामा तिथं झाडू मारायला लागले आणि झाडता झाडता ओळीत उभे राहिले. "त्यानं मला आधी मार खायला शिकवलं," मामा सांगायचे, "मग द्यायला. उलटं शिकवलं असतं तर मी पहिल्याच दिवशी मेलो असतो."

बोट दुरुस्त झाली, सारंगानं पुन्हा दोर उचलला आणि मामांनी त्याची बरगडी मोडली. नोकरी गेली. फिरत फिरत गावाकडे आले ते जिनिंगच्या इंजिनाला चिकटले. त्यांना आकडे दहापर्यंतच येत होते. जपानी भाषेत अकराही असतो, हे मला परवा नातवाकडून कळलं. तो परभणीत पांढरा झगा घालून कराटे शिकतो आणि मला आजी म्हणून अकरा-बारा शिकवायला बघतो. मी शिकत नाही. मामांनी त्या मारामारीला कधी कराटेसुद्धा म्हटलं नाही. नुसतं म्हणायचे, "मोजणीला चला."

आता मोजणी का सुरू झाली ते सांगते.

जिनिंगमध्ये बायकांवर किसन नावाचा मुकादम होता. यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा तो कमरेला खोचून हिंडायचा. बसलेली बाई दिसली की पोटरीवर, बोलताना दिसली की खांद्यावर, आणि एकटी दिसली तर पट्टा कमरेलाच राहायचा आणि हात पुढे यायचा. तो हात पट्ट्यापेक्षा वाईट. कुणी ओरडली तर दुसऱ्या दिवशी तिला काम नाही. शेटजी सगळं पाहायचे आणि कापसाच्या गाड्या मोजायला निघून जायचे. मी तर विधवा, पदरात लेकरू. काम सुटलं असतं तर दोघांनी माती खायची पाळी होती.

एका दुपारी पोरगं फार रडायला लागलं म्हणून कापसाच्या ढिगामागे त्याला पाजायला बसले. पट्टा सपकन पाठीत बसला. लेकरू छातीशी होतं. वळले असते तर पुढचा फटका त्याला लागला असता, म्हणून पाठ तशीच धरून ठेवली. किसन दम लागेपर्यंत मारत होता. चोळी फाटून कातड्याला चिकटली. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि हातातलं लेकरू निसटतंय असं वाटायला लागलं. मान वर केली तर इंजिनखोलीच्या दारात लिंबाजीमामा उभे. हात बांधून.

संध्याकाळी तेच मामा एरंडाचं तेल घेऊन आले. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "बघत उभे राहिलात. कान तर गेलाच, लाजबी गेली का तुमची?"

ते शांतपणे बसले. म्हणाले, "मी आज त्याला लोळवला असता. मग मला काढलं असतं, आन् उद्या त्यानं तुला दुप्पट झोडली असती. मी किती दिवस तुझ्या म्होरं उभा राहू, शांता?" मग तेलाची वाटी पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "मार बसताना मोजलंस का?"

मी वाटी भिरकावून द्यायचीच बाकी ठेवली होती. पण ते चेष्टा करत नव्हते. "मोजायचं. मोजनारा मानूस बेसुद पडत न्हाई. आज तुझ्या हातून लेकरू पडायला लागलं हुतं, मी बघितलंय. उद्यापास्नं जेवनाच्या सुट्टीत सरकीच्या गोदामामागं ये. येताना आनखी बाया आन."

मी गयाला आणलं, गयानं तिच्या गावाकडच्या दोघी आणल्या, अशा आम्ही आठ-दहा जणी झालो. मुकादम दुपारी घरी जेवून झोप काढायचा, तेवढाच वेळ. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा, पदर कमरेला खोचायचा आणि ओळीत उभं राहायचं. सरकी भरलेली पोती टांगलेली. एका आकड्याला एक ठोसा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या मुठींची सालं निघाली आणि भाकरी मोडताना रक्त लागायला लागलं. मामांना दया नव्हती. ठोसा येताना माझे डोळे मिटतात हे त्यांनी हेरलं आणि माझ्या पोटात अशी मूठ घातली की खाल्लेली भाकरी बाहेर आली. "डोळे उघडे ठेव," म्हणाले. "मिटल्यानं मार चुकत न्हाई, फकस्त कुटून आला ते कळत न्हाई." कुठं मारायचं तेही तसंच रोखठोक सांगायचे. "नाक, नरडं, गुडघा. बाकी मानूस सगळा भुसा हाय. नाक फुटलं की डोळ्यात पानी येतंय, मग तो पाटील असू नायतर फौजदार."

पण ठोशापेक्षा त्यांचा जीव आकड्यावर. ओळीतल्या एकीनं मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं आणि तिचं जू झालं की शेजारणीनं लगेच इची उचलायचं. मध्ये श्वासाएवढंही अंतर पडलं तर मामा सगळ्यांना पहिल्यापासून करायला लावायचे. "आकडा खाली पडू द्यायचा न्हाई," हे तर ते ऊठसूट म्हणायचे. "एकटी बाई दहापरीस जास्त दमानं मारू शकत न्हाई. दहा झाले की पुढचीनं घ्यायचं. मग कितीबी लांब चाला."

गया बोरीकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याची सून. मनानं चांगली, पण माझ्या हातचं पाणी प्यायची नाही. तांब्या जमिनीवर ठेवला तरी उचलायची नाही. ओळीत मात्र तिची जागा माझ्या शेजारी होती. माझ्या तोंडातून जू निघालं की तिच्या तोंडातून इची निघायचंच. एकदा मी मामांना म्हणाले, पाणी चालत नाही आणि आकडा बरा चालतो. मामा खो खो हसले. "चालू दे की. आधी तोंडातलं घेऊ दे, हातातलं मागून घेईल."

संक्रांतीच्या सुमाराला किसननं गयाला धरलं. गठाणी बांधायच्या दाबयंत्रापाशी, भर दुपारी, केसांना धरून फरपटत तो तिला गोदामाकडं न्यायला लागला. आम्ही हातातला कापूस टाकून उठलो. गयाचं डोकं मागं ओढलेलं, नरडं वर आलेलं, आणि तिनं तशातच सगळं बळ एकवटून म्हटलं, "इची." त्याबरोबर तिचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. नाक फुटल्याचा आवाज मी ऐकला. नी म्हणेपर्यंत आम्ही पोचलो होतो. सानला माझी लाथ गुडघ्यावर बसली आणि पाय जिकडं वळायला नको तिकडं वळला. तो खाली पडला तरी गया मोजत होती आणि आम्ही मारत होतो. त्याचे पुढचे दात सरकीत सांडले. तिनं जू म्हटलं, पुढचीनं इचीसाठी तोंड उघडलं आणि इंजिनखोलीच्या दारातून मामांचा आवाज आला, "बास."

थांबलो. पण मी चिडले ती आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आणखी दहा घेऊ दिले असते तर तो पुन्हा उठलाच नसता. मामा म्हणाले, "तेच तर. मेलेल्याला मार कळत न्हाई. त्याला कळू दे. रोज उटताना तो गुडघा त्याला सांगंल."

गुडघ्यानं सांगितलं, पण किसननं दुसरंच ऐकलं. ऐन हंगाम होता, कापसाच्या गाड्यांची रांग दारापर्यंत लागलेली, त्यामुळे शेटजींना आम्हाला काढणं परवडलं नाही. त्यांनी किसनलाच घरी बसवलं. बायकांनी मारलं हे त्याला गावात सांगता येईना. म्हणून त्यानं दोष मामांवर टाकला आणि म्हातारा नीट केल्याशिवाय जिंतुरात तोंड दाखवणार नाही, असं म्हणत हिंडायला लागला. मी मामांना सांगितलं, थोडे दिवस गावी जा. ते इंजिनाच्या पट्ट्याला राळ लावत होते. म्हणाले, "इंजिन कोन चालू करंल?"

बाजाराचा दिवस होता. शेटजी परभणीला गेलेले. दुपार कलताना इंजिन एकाएकी बंद पडलं. दिवसभर त्या धडधडीत असायचं आणि मग असं थांबलं की आपलाच श्वास मोठा वाटतो. मुनीम लगबगीनं आला आणि म्हणाला, "काम बंद. घरी जा, बाजार करा." त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. आम्ही हात झाडत होतो तेवढ्यात इंजिनखोलीतून धप्प असा आवाज आला, आणि पाठोपाठ रोज सकाळचा तोच आवाज, "इची."

गयानं माझा दंड धरला. परत धप्प. "नी."

दुसऱ्या आकड्याला आम्हाला समजलं. आत किसन होता, त्याच्याबरोबर बाहेरगावची तीन माणसं होती हे नंतर दिसलं, आणि दाराला आतून अडसर होता. मामा मार मोजत होते. सानपर्यंत आवाज ठणठणीत होता. गो म्हणताना तोंडात पाणी भरल्यासारखं वाटलं, पण ते पाणी नव्हतं. शिचीला दातांतून नुसती हवा आली. हाची, क्यू कसेबसे कळले. जू तर मला ऐकू आलं की मी मनात म्हटलं, हे आजही सांगता येत नाही. त्यानंतर आतून फटके येतच राहिले, पण आकड्यावाचून. ते ऐकवत नव्हतं. मुनीम हात जोडत म्हणत होता, बायांनो, जा.

मी म्हणाले, "इची."

ठरवून नाही म्हणाले. दहा झाले होते आणि पुढची मी होते. नी म्हणताना गयानं भिंतीला टेकवलेली पहार उचलली होती. पहारेला चौघींचे हात, दार पत्र्याचं, बिजागरी गंजलेली. एका आकड्याला एक दणका. माझे दहा सरले, गयानं घेतले, आणि तिच्या शीला दार आत कोसळलं.

आत काय झालं ते नीट क्रमानं सांगता येणार नाही. अंधार, तेलाचा वास आणि माणसांचं हुंबरणं. एकाच्या हातात लोखंडी पाना होता, तो गयाच्या उजव्या हातावर बसला आणि हात कोपराखाली लोंबायला लागला. तिनं आकडा सोडला नाही, जूपर्यंत नेला आणि पुढचीला दिला. एकाचं डोकं माझ्या तोंडावर आदळून माझा समोरचा दात गेला. मी त्याच्या नरड्यावर मूठ घातली, त्यानं उलटीसारखा आवाज काढला आणि तो रांगत दाराकडं गेला. उरलेले दोघे दाराबाहेर पळताना ओळीतल्या प्रत्येकीनं आपापल्या आकड्याला त्यांना काही ना काही दिलं. किसनचा गुडघा मात्र त्याला पळू देईना. तो इंजिनाच्या चाकाशी पडला आणि आम्ही त्याच्याभोवती गोल उभ्या राहिलो. आकडा फिरत फिरत परत माझ्याकडे आला. मी मोजलं, बायकांनी मारलं. त्याची बरगडी मोडताना पायाला जाणवली. मला आनंद होत होता. खोटं कशाला बोलू, तेवढा आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशानं झाला नव्हता. या खेपेला बास म्हणायला मामा शुद्धीत नव्हते.

माझं जू झालं. पुढची गया. ती लोंबता हात दुसऱ्या हातात धरून उभी होती आणि किसनच्या तोंडाकडं बघत होती. त्याचा एक डोळा सुजून बंद झालेला, दुसरा उघडा होता. सगळ्या जणी पाय उचलून थांबलेल्या. गयानं तोंड उघडलं नाही. आकडा पहिल्यांदाच खाली पडला.

पुढे कधीतरी मी तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो बघायला हुता. त्याला कळायलं हुतं. मामा तेवढंच म्हनले हुते न्हवं."

मामा हँडलपाशी आडवे होते. जबडा एका बाजूला सरकलेला, चांगला कानही फुटलेला. गयानं माझा तांब्या मागितला. डाव्या हातानं त्यांच्या ओठांवर पाणी सोडलं, थोडं आत गेलं, बरंचसं रक्ताबरोबर बाहेर आलं. तांब्यात उरलेलं पाणी तिनं स्वतः पिऊन टाकलं. मी पाहिलं.

गठाणींच्या ट्रकमध्ये घालून त्यांना परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मागं जिंतुरात हवालदार चौकशीला आला. किसनला कुणी मारलं, एवढंच त्यानं ओळीनं विचारलं. पहिली म्हणाली इची, दुसरी म्हणाली नी, तिसरी म्हणाली सान. हवालदारानं मुनीमाकडं पाहिलं, मुनीमानं छपराकडं. पण किसननंही तक्रार दिली नाही. काय सांगणार होता? पुढं तो कुबडी घेऊन चालायचा आणि लांबून आम्ही दिसलो की रस्ता बदलायचा. त्या जिनिंगमध्ये नंतर किती मुकादम आले, पट्टा कुणीच कमरेला खोचला नाही.

मामांचा जबडा डॉक्टरांनी बांधून टाकला होता. बोलता येत नव्हतं, खाता येत नव्हतं. आम्ही पाळीपाळीनं त्यांच्याजवळ बसायचो. दुखायला लागलं की ते खाटेच्या लोखंडी दांडीवर नखानं वाजवायचे. टक, टक, टक. दहाला थांबायचे आणि डोळे माझ्याकडे वळवायचे. मी इची म्हणायचे, दहापर्यंत मोजायचे, मग पुन्हा ते दांडी वाजवायचे. एकदा रागानं मी म्हणाले, "मामा, आता तरी मोजू नका, पडून राहा बेसुद." त्यांच्या पट्टीखालचं तोंड हललं. ते हसत होते, आणि हसताना दुखलं म्हणून परत मोजायला लागले.

शेवटच्या सकाळी ऊन खाटेवर आलं होतं. गया हात गळ्यात बांधून नुकतीच पहिल्या गाडीनं आली होती आणि दारातच उभी होती, चप्पल काढत. मामांनी दांडी वाजवायला सुरुवात केली. फार सावकाश. मी मनात आकडे जोडत होते. शी, गो, रोकू. शिचीला नख दांडीवर टेकलं ते तिथंच राहिलं.

मी वाट पाहिली. मग त्यांचा हात हातात घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "हाची. क्यू. जू."

दारातून गया म्हणाली, "इची."